चुंगी नाक्यापर्यंतचा सायरन

माझ्या हातची वायरिंग परत येत नाही. पांढुर्ण्याच्या स्टेशन रोडवर कोणालाही विचारा. ट्रकवाले मला तिरसट म्हणतात, पाठीमागे आणखी काय काय म्हणतात, पण गाडीचे दिवे गेले की मुकाट्याने माझ्याच दुकानासमोर येऊन उभे राहतात. म्हणून सौंसरचा कवडू ड्रायव्हर दुकानात येऊन म्हणाला, "प्रभाकरभाऊ, सायरन आपोआप वाजून राहिला जी," तेव्हा हातातला पाना त्याच्या डोक्यात घालायचाच बाकी राहिला होता.

तो सायरन मी पंधरवड्यापूर्वीच बसवला होता. चौऱ्याऐंशीचं साल असेल. सौंसरचे भगवंतराव, संत्र्याच्या बगीच्यांचे मालक, स्वतः कवडूबरोबर नवी मॅटॅडोर घेऊन आले होते. मागच्या सीटा काढून तिथे स्ट्रेचर बसवलेलं, बाजूला पांढऱ्या रंगावर लाल अक्षरं: 'कै. कलाबाई यांच्या स्मरणार्थ'. कलाबाई म्हणजे त्यांची बायको. गाडी त्यांनी गावाला दान केली होती, उभी राहायची ती धर्मशाळेच्या आवारात.

सायरन नागपूरहून आणलेला, पोटात मोटर असलेला, चांगला जड. असला सायरन आधी गुरगुरतो, मग चढत जातो. बंद केला तरी आतलं चाक फिरतच राहतं, आणि आवाज रडू आवरणाऱ्या माणसासारखा हळूहळू उतरतो. मी म्हटलं, टपावर बसवतो, जाड वायर टाकतो, रिले लावतो, ड्रायव्हरपाशी बटण देतो. भगवंतरावांनी मान हलवली.

"बटण नको, मिस्तरी. स्ट्रेचरवर माणूस झोपलं असन तवाच वाजला पाहिजे. नाही तं नाही."

"कवडूवर भरवसा नाही का काकाजी?" मी विचारलं. कवडू माझ्याकडे खाऊ की गिळू असा बघत होता.

"कवडूचा प्रश्न नाही. एक डाव लोकाइले समजलं का हा रिकामाच बोंबलते, का मंग कोनी बाजूले होत नाही." मग म्हणाले, "आमच्या जीपले कोनी बाजू देली नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कापसाचे दिवस होते. कलाबाईंच्या छातीत कळा येत होत्या, नागपूरला न्यायचं होतं. बोरगावच्या वळणावर कापसाच्या बंड्यांची, बैलगाड्यांची, रांग लागली होती. हॉर्न दाबून दाबून ड्रायव्हरचा अंगठा दुखला, पण जिनिंगला चाललेला बंडीवाला हॉर्नला काय भाव देतो? त्या वळणावरच त्या गेल्या. जाण्याआधी एकच म्हणत होत्या, "घरी चाला ना जी."

मी कामाला लागलो.

स्ट्रेचरची लोखंडी चौकट मी चार स्प्रिंगांवर बसवली आणि खाली ब्रेक लाइटचा स्विच लावला. वजन पडलं की चौकट दबणार, स्विचची दांडी आत जाणार, सायरन सुरू. साधं काम. अडचण एकच होती. स्प्रिंग किती कडक ठेवायची ते बघायला कोणीतरी स्ट्रेचरवर आडवं व्हायला हवं होतं. मी कवडूला म्हटलं तर तो चार पावलं मागे सरकला. शेजारच्या पंक्चरवाल्याने कानाला हात लावले. धडधाकट माणूस तसल्या गोष्टीवर आडवा होत नाही म्हणे. मी सगळ्यांना शिव्या घातल्या. मीही आडवा झालो नाही, ते वेगळं.

तेव्हा भगवंतराव म्हणाले, "तिच्या वजनावर लाव. तिच्यापेक्षा हलकं मानूस कोनतं येनार?"

शेवटच्या आजारात त्यांनी जामसावळीच्या मारुतीला तिची गुळाने तुला केली होती. चौतीस किलो भरली होती. कवडू बाजारातून तेवढी सरकी मोजून पोत्यात भरून घेऊन आला. तो पोतं खांद्यावरून आपटणार, तेवढ्यात म्हातारा ओरडला, "सावकाश ठेव!" मग त्यांनी स्वतः ते पोतं सरळ केलं आणि खांद्यावरचा पंचा त्याच्यावर पांघरला. मला ते आवडलं नाही. पण मी स्प्रिंग आवळली, कवडूने चावी फिरवली, आणि टपावर सायरन असा चढला की स्टेशनवरचे हमाल धावत आले. पोतं उचललं की बंद, ठेवलं की सुरू. माझं काम चोख होतं.

आणि आता हा कवडू समोर उभा राहून सांगत होता की रिकाम्या गाडीत सायरन वाजतो.

"केव्हा वाजते?"

"पेशंट नागपूरले सोडून येतो ना, तवा. बोरगावच्या मोडीवर सुरू होते. चुंगी नाक्यापाशी बंद होते. रोज तसंच. पन जाताना काहीच नाही."

"खड्डा असेल तिथं. स्ट्रेचर उडत असेल."

"खड्डा असता तं एक डाव वाजला असता भाऊ. हा तं बोरगावपासून नाक्यापर्यंत लागोलाग वाजते." तो खाली बघत म्हणाला, "आता कोनी गाडीत बसून नाही राहिलं. काल बोरगावची बाळंतीन बंडीत टाकून नेली लोकाइनं. म्हनते, त्या गाडीत बाई बसून असते, तिच्या बाजूले नाही झोपत आम्ही."

म्हणजे ज्या बंड्यांपायी भगवंतरावांची बायको गेली, त्याच बंडीत लोक पुन्हा आजारी माणसं घालू लागले होते. आणि सगळा दोष माझ्या वायरिंगवर. मी दुकानाचं शटर ओढलं आणि कवडूबरोबर निघालो.

सौंसरला पोचल्यावर आधी मी स्विच बदलला. स्प्रिंगा बदलून जास्त कडक लावल्या, इतक्या की सरकीच्या पोत्यावर मी हाताने जोर दिला तेव्हा कुठे सायरन वाजला. दुपारी आम्ही रिकामी गाडी घेऊन बोरगावच्या पुढे गेलो आणि वळवून परत निघालो. मी कवडूच्या बाजूला बसलो होतो. वळण आलं. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, रस्ता तव्यासारखा सपाट, एक खड्डा नाही. टपावर गुरगुर सुरू झाली, आणि आवाज चढत गेला.

मी कवडूला गाडी थांबवायला लावली. चावी चालूच ठेवायला सांगितली. गाडी उभी, सायरन सुरू. मागे जाऊन दार उघडलं. स्ट्रेचरवर नुसती घडी घातलेली चादर होती. वाकून खाली बघितलं तर स्विचची दांडी आत गेलेली होती, पूर्ण. स्ट्रेचर एका हाताने उचलून बघावं असं मनात आलं. मी उचललं नाही.

"चौकट वाकडी झाली उन्हानं," मी मोठ्याने म्हटलं.

"हो ना," कवडू म्हणाला. थंडीचे दिवस होते.

चुंगी नाक्यावर आता चुंगी, म्हणजे जकात, कोणी घेत नाही, नुसतं नाव राहिलं आहे. तिथे एक मोठं कडुलिंबाचं झाड आहे आणि डावीकडे नदीच्या घाटाला वाट फुटते. झाड आलं, आणि सायरन उतरत उतरत बंद झाला.

मी तसाच भगवंतरावांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते, सून उर्मिला त्यांना चहा देत होती. मी सांगितलं की चौकटीत दोष आहे, गाडी दोन दिवस माझ्याकडे ठेवा. त्यांनी चौकटीचं काही विचारलंच नाही.

"सुरू कुठं होते?"

"बोरगावच्या मोडीवर."

"अन् बंद?"

"चुंगी नाक्याच्या कडुलिंबापाशी."

त्यांच्या हातातली बशी कलंडली. उर्मिलाने ती काढून घेतली. म्हातारा बोलायला लागला, तोही माझ्याशी नाही, सुनेशी.

"त्या दिवशी आम्ही बोरगावहून परत फिरलो. मी तिले म्हनलं, चाल, घरी नेतो. नाक्यावर भैय्याजी उभे होते."

भैय्याजी त्यांचे थोरले भाऊ. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. वाटेत गेलेलं माणूस उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, हा त्यांच्याकडचा रिवाज. भैय्याजींनी नाक्यावरच जीप थांबवली, कडुलिंबाखाली तिला उतरवून घेतलं, आणि तिथूनच घाटावर अग्नी द्यायला नेलं. भगवंतराव काही बोलले नाहीत. थोरल्या भावापुढे ते जन्मात कधी बोलले नव्हते.

"ती घरी येऊन राहिली, उर्मिला," ते म्हणाले. "रोज येते. अन् नाक्यावर उतरून जाते."

मला वाटलं सून पदर तोंडाला लावून रडेल, नाहीतर घाबरेल. तिने फक्त विचारलं, "उतरते काऊन, मामाजी?"

भगवंतराव ओट्यावरून उठून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी तिला आणायला जायचं असं त्यांनी ठरवलं. स्वतः गाडीत बसून. मला राग आला. खरं सांगतो, दयाही आली, पण राग जास्त आला. उद्या सौंसरभर होईल की मिस्तरीनं सायरनला बाई जोडून दिली. म्हाताऱ्याचा जीव तिथेच अडकून पडेल, गाडीत कोणी पाय ठेवणार नाही, आणि बोरगावच्या बाळंतिणी बंडीतून जात राहतील. म्हणून निघण्याआधी मी हळूच सायरनचा काचेचा फ्यूज काढून खिशात घातला. वाजला नाही की काकाजींची समजूत पटेल, घरी जाऊन निजतील. माझा हिशेब सरळ होता.

ऊन कलताना निघालो. कवडू चालवत होता, मी त्याच्या बाजूला, भगवंतराव मागे बाकड्यावर, एक हात स्ट्रेचरच्या दांडीवर. बोरगावच्या पुढे जाऊन गाडी वळवली. वळण आलं. सायरन वाजला नाही. कवडूने माझ्याकडे बघितलं, मी समोर बघितलं. मनात म्हटलं, झालं, संपला विषय.

"आली," मागून आवाज आला.

मी वळलो. भगवंतरावांचा हात दांडीवरच होता, आणि दांडी खाली गेली होती. त्यांनी दाबली म्हणावं तर त्यांची बोटं नुसती टेकलेली होती. घडी घातलेली चादर मधोमध खोलगट झाली होती.

"वाजून काऊन नाही राहिला?" त्यांनी विचारलं.

सीटवरून मागे गेलो आणि स्ट्रेचरच्या पायथ्याला हात घातला. रिकामं स्ट्रेचर मी दुकानात एका हाताने उचललं होतं. ते हललं नाही. दोन्ही हात लावले, तरी हललं नाही. हाताला थंडगार काही लागलं असतं तर बरं झालं असतं, निदान किंचाळता आलं असतं. नुसतं वजन होतं. मी पुढे येऊन बसलो आणि खिशावरून फ्यूज चाचपला.

नाक्यावर कडुलिंबाखाली भैय्याजी उभे होते. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. पांढरं धोतर, हातात काठी, रस्त्याच्या मधोमध. कवडूने ब्रेक दाबला.

"भगवंता," ते म्हणाले, "गाडी धर्मशाळेत ने. घराकडे नाही."

भगवंतराव मागचं दार उघडून उतरले. "तिले घरी नेऊन राहिलो, भैय्याजी."

"बाहेर गेलेलं मानूस घरात आनत नाहीत. घरात सून हाय, लेकरू हाय. तुले समजत नाही?"

"मले समजते."

"मंग?"

भगवंतराव उत्तर द्यायच्या आधी मी मागे बघितलं. स्ट्रेचरची दांडी हळूहळू वर येत होती. चादरीची खोलगट जागा भरून येत होती. मी ओरडलो, "काकाजी! उठली!"

ते वळले आणि त्यांनी बघितलं. आणि त्यांच्या तोंडावर मी जे पाहिलं ते मला अजून आठवतं. त्यांना एकाएकी समजलं होतं.

"भैय्याजी," ते म्हणाले, "तुमाले पाहून उठली ती."

आमच्याकडे भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, धाकट्या भावाची बायको बसत नाही. तो आला की ती उठते, पदर घेते, भिंतीआड होते. भासरा तिचं नाव घेत नाही, तिच्याशी बोलत नाही. त्या घरात तीस वर्षं असंच चाललं होतं. जेवताना भैय्याजी भिंतीकडे बघून म्हणायचे, "भाजीत मीठ कमी वाटते," आणि भिंतीच्या आडून मिठाची वाटी यायची. तीस वर्षांत एवढंच बोलणं.

"त्या दिवशी तुम्ही इथं उभे होते," भगवंतरावांचा आवाज चढला. भावासमोर तो कधी चढला नव्हता. "ती मेलेली होती, तरी उठली असन. अजून उठते. रोज घरी याले निघते, अन् तुमी उभे होते ती जागा आली का उठून जाते. कोन सांगन तिले बस म्हनून? मी सांगितलं तं ऐकन? तुमीच बाजूले व्हा आता!"

भैय्याजींनी गाडीच्या उघड्या दारातून आत बघितलं. रिकामं स्ट्रेचर, चादर. त्यांना काय दिसलं मला माहीत नाही, पण त्या दारात त्यांची नजर ठरेना, परक्या बाईकडे चुकून बघितल्यासारखी ती खाली गेली. मग त्यांनी काठी बगलेत धरली, रस्त्याच्या कडेला गेले आणि गाडीकडे पाठ करून कडुलिंबाकडे तोंड करून उभे राहिले.

"उठाचं काम नाही म्हना," ते झाडाला म्हणाले. "बसूनच राहा म्हना. लय वर्सं उभी राहिली." ते पुन्हा म्हणाले, "घर तिचंच आहे म्हना."

दांडी खाली गेली. कोणी हात लावला नव्हता.

मी खिशातला फ्यूज काढला. परत जागेवर बसवला. टपावर गुरगुर झाली आणि सायरन चढत गेला, नाक्यावर, जिथे तो रोज बंद पडायचा तिथे. ती वायरिंग मी केली होती. वजन असल्याशिवाय तो वाजत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

भगवंतराव मागे चढून बसले. कवडू रडत रडत गाडी चालवत होता. बाजारातून गेलो. सायकली, ठेले, बंड्या, भाजीवाल्या, सगळे बाजूला झाले. एका बंडीवाल्याने तर बैलांची वेसण धरून बंडी नालीत उतरवली आणि हात जोडले. त्याला वाटलं असेल कोणी सिरियस आहे.

दारात उर्मिला भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आजारपणातून घरी आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा तिने तो तुकडा गाडीच्या मागच्या दारावरून ओवाळून टाकला. खाली पाणी ओतलं. तिने पदर डोक्यावर घेतला आणि सासूला हाक मारायची तशी म्हणाली, "या, आत्याबाई."

सायरन उतरायला लागला. उतरत उतरत गप्प झाला. मी वाकून बघितलं, स्विचची दांडी बाहेर आली होती. एका हाताने स्ट्रेचर उचललं. उचललं गेलं.

पुढे त्या गाडीची कधी तक्रार आली नाही. त्याच आठवड्यात बोरगावची एक बाळंतीण तिच्यातून नागपूरला गेली, आणि परत येताना सायरन वाजला नाही. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे अंगणात उभेच होतो. आत कोण जाणार, आधी कोण जाणार, कोणाला कळेना. शेवटी गार वारा सुटला म्हणून उर्मिला आत गेली आणि दार ओढायला लागली. भगवंतराव खाली पायरीपाशीच उभे होते, एक हात थोडा पुढे धरून, कोणाला आधार द्यावा तसा.

"दार नको लावू," ते म्हणाले. "तिले पायऱ्या चढाले वेळ लागते."